पिस्त्याच्या बागेत उतरण्याआधी

दयाळू, कृपाळू अल्लाहचे नाव घेऊन मी, वस्फिया, हम्दू अश-शम्मात यांची मुलगी, वय वर्षे अडुसष्ट, राहणार तल्ल अर-रुम्मान, हमा प्रांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरतो, पण तो वयाने नव्हे, आनंदाने. त्यावरून कोणी माझ्या शुद्धीबद्दल शंका घेऊ नये. या देशात सध्या ज्याचा हात थरथरत नाही त्याचीच शुद्ध तपासावी.

मला कोणताही आजार नाही. उद्या सकाळी मी माझ्या पिस्त्याच्या बागेत जाणार आहे, एवढेच कारण आहे. गावात पाच वर्षे जुन्या सरकारचे सैन्य राहिले आणि जाताना त्यांनी बागांमध्ये सुरुंग ठेवून दिले. सुरुंग काढणाऱ्या तुकडीने माझ्या बागेचा पश्चिमेकडचा अर्धा भाग साफ केला आहे आणि साफ जागेच्या कडेने पांढरे दगड मांडले आहेत. तिथे मी रोपे लावणार आहे. रोपे लावण्याचा हंगाम संपत आला आहे, रोपे ओल्या गोणपाटात दाराशी पडली आहेत, आणि माझी मुलगी मैसा मला जाऊ देत नाही.

"आई, तुझं वय काय, पिस्ता धरायला लागतात किती वर्षं?"

"सात-आठ."

"मग तू कोणासाठी मरायला निघालीस?"

"मरायला नाही, लावायला निघालेय."

"मग आधी लिहून ठेव," ती म्हणाली. "नंतर तुझ्या दोन लेकांमध्ये मला सँडविच व्हायचं नाही."

मुलगी रागाने बोलली, पण बोलली ते खरे. म्हणून लिहीत आहे.

पहिली गोष्ट माझ्या मयताची. मला आमच्या गावच्या मातीत ठेवावे. आम्ही पाच वर्षे उत्तरेला सरहद्दीजवळच्या छावणीत तंबूत काढली. तिथे माणूस मेला की लोक म्हणायचे, 'तूर्त इथे ठेवू.' मला तूर्त कुठेही ठेवू नये. माझ्या अंगावर कोणताही झेंडा घालू नये, जुना तर नाहीच, नवाही नको. नवा मला आवडतो, पण तो वाऱ्यावर असलेला आवडतो. हवेत गोळ्या झाडू नयेत. गोळी वर गेली की कुठेतरी खाली येते, हे शिकायला आम्हाला फार माणसे द्यावी लागली.

दुसरी गोष्ट बाग. बाग माझ्या वडिलांकडून मला आलेली आहे, नवऱ्याकडून नाही. तिथे आता झाडे नाहीत, खोडांचे बुडखे आहेत. सैन्याने झाडे तोडून जळणाला विकली. तरीही ती बाग आहे, आणि तिला शेत किंवा पडीक असे कोणी कागदावर लिहू नये. शरियतप्रमाणे मला माझ्या मालमत्तेचा एक तृतीयांशच हवा तसा देता येतो. तो तृतीयांश मी मैसाला देते, म्हणजे तिचा एकूण वाटा भावांपेक्षा कमी राहणार नाही. वारसालाच असे जादा द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते, असे मशिदीच्या शेखसाहेबांनी सांगितले आहे. म्हणून माझ्या दोन्ही मुलांनी खाली आपापल्या शब्दांत लिहून सही करावी. मनात एक आणि कागदावर एक असे करू नये. तो काळ गेला.

कलमाचा चाकूसुद्धा मैसाचा. गावातले लोक म्हणतात, रोपावर कलमाचा डोळा भरणे बाईचे काम नाही. माझ्या वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी मला शिकवले, आणि गावातल्या निम्म्या बागांचे डोळे मी भरले आहेत. ते रात्री येऊन कोणी भुताने भरल्यासारखे सगळे विसरून गेले, ही गोष्ट वेगळी. मैसा शाळेत शिकवते. तिचा हात खडूला सरावला आहे, चाकूलाही सरावेल.

तिसरी गोष्ट माझा नवरा. बारा वर्षांपूर्वी हमाला जाणाऱ्या मिनीबसमधून अब्दुल-मुईनला नाक्यावर उतरवून घेतले. त्यानंतर त्याची काहीही खबर नाही. डिसेंबरात राज्य उलथले, तुरुंगांची दारे उघडली, तेव्हा माझा धाकटा मुलगा यमान एका तुरुंगातून दुसऱ्यात, एका शवागारातून दुसऱ्यात फिरत राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. बाप मिळाला नाही, बापाचे प्रेतही मिळाले नाही.

शेखसाहेब चांगले गृहस्थ आहेत. थोरल्या मुलाच्या नावाने मला हाक मारून ते म्हणाले, "उम्म कुतैबा, कोर्टात त्याला मृत घोषित करून घ्या. घर त्याच्या नावावर आहे. सगळं सोपं होईल."

मी विचारले, "कोणासाठी सोपं होईल?"

त्यांनी पावसाचा विषय काढला. चांगले गृहस्थ आहेत असे मी आधीच लिहिले आहे.

माझ्यामागे नवरा जिवंत असेल तर माझ्या मालमत्तेचा चौथा हिस्सा त्याचा. तो हिस्सा बाजूला ठेवावा. विहिरीकडच्या ओळी त्याच्या. माणूस किंवा माणसाची हाडे हातात येईपर्यंत त्या कोणी वाटून घेऊ नयेत. तोवर तिथे झाडे लावावीत, पाणी घालावे आणि पिस्ते गावच्या शाळेला द्यावेत.

चौथी गोष्ट कुतैबाची. थोरला मुलगा कुतैबा जर्मनीत न्हाव्याचे दुकान चालवतो. तो रोज फोन करतो.

"आई, अजून एक वर्ष थांब. पुढे काय होतं ते बघू."

"बघायला कोणीतरी इथे पाहिजे ना, लेका."

"हे नवे लोक कसे निघतील कोणाला माहीत? उद्या परत लढाई पेटली तर?"

"पेटली तर परत पळू. तंबू जपून ठेवलाय."

"थट्टा करू नकोस."

मी थट्टा करत नव्हते. तंबू खरोखरच जपून ठेवला आहे. सध्या तोच आमचे छप्पर आहे, कारण सैन्याने घराची स्लॅब फोडून आतल्या सळ्या काढून नेल्या. कुतैबाने परत यावे असे मी इथे लिहिणार नाही. ज्या मुलाला समुद्रात लोटताना मी मागे वळून पाहू नकोस म्हटले, त्याला आता परत बोलावण्याचा मला अधिकार नाही. पण तो आला, तर दहा दिवस पाहुणा म्हणून येऊ नये, त्याच्या हातात फावडे द्यावे.

पाचवी गोष्ट माझी जाऊ सुहैला. छावणीत तिने सर्वांदेखत म्हटले होते, "वस्फिया अजून झाडांचं रडगाणं गातेय. गेली ती झाडं, ताई, गेलं ते गाव." तिला मकदूसची, म्हणजे तेलात मुरवलेल्या वांग्यांची, एक मोठी बरणी द्यावी. प्रत्येक वांग्यात अक्रोड गच्च भरलेला असावा, म्हणजे मकदूस कसे असते हे तिला एकदा कळेल. या कागदावर सुहैला साक्षीदार म्हणून सही करणार आहे, तेव्हा हे तिला वाचावेच लागेल. वाच, सुहैला. गाव इथेच आहे आणि तूही इथेच आली आहेस. तू आलीस त्या दिवशी मी तुला मिठी मारली ती खरी होती.

सहावी वस्तू हातात धरता येत नाही, तरी ती मी तिन्ही मुलांना सारखी वाटून देते. ती वस्तू म्हणजे एक प्रश्न.

गेल्या महिन्यात शाळेच्या पटांगणात गावाची सभा भरली. हमाहून नव्या सरकारचा एक तरुण अधिकारी आला होता. दाढी नीट कापलेली, बूट चिखलाने भरलेले. म्हणाला, "बोला, काय अडचणी आहेत? मोकळेपणानं बोला." कोणी बोलेना. सगळे मागे वळून पाहू लागले, कोण कोण ऐकते आहे ते. मग एका म्हाताऱ्याने भाकरीच्या भट्टीचे विचारले. मग कोणी विजेचे, कोणी सुरुंगांचे. आणि मग काय सांगू! सगळे एकदम बोलू लागले. कोणी कोणाचे ऐकेना. बायका ओरडत होत्या, माणसे बाकावर चढली होती, मैसा विचारत होती, "शाळेत मुलींसाठी मध्ये भिंत घाला म्हणून निरोप कोणी पाठवला? आधी भिंती तर द्या!" माझ्या उभ्या आयुष्यात मी सरकारच्या माणसासमोर एवढा गोंधळ पाहिला नव्हता. लग्नातसुद्धा मी एवढी खूश नव्हते.

मीही उभी राहिले. म्हणाले, "साहेब, तुम्ही किती दिवसांसाठी आलात?"

तो म्हणाला, "आमची व्यवस्था तात्पुरती आहे, मावशी."

"आधीचाही तात्पुरताच आला होता, बाळा. तो मेला तेव्हा त्याचा मुलगा आला."

पटांगण हसले. मग हसलो म्हणून घाबरून गप्प झाले. आणि मग तो अधिकारीच हसला, तेव्हा सगळे पुन्हा पोट धरून हसले. त्याने मला उत्तर मात्र दिले नाही, हे मी घरी आल्यावर माझ्या लक्षात आले.

तर हा प्रश्न माझ्या मुलांनी येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला विचारावा. सभ्यपणे विचारावा, चहा देऊन विचारावा, पण विचारावा. ज्या दिवशी विचारायची भीती वाटेल त्या दिवशी समजावे की आपण पुन्हा तिथेच आलो, आणि त्याच दिवशी मोठ्याने विचारावा.

आता शेवटची आणि सर्वांत जड गोष्ट.

नाक्यावर त्या मिनीबसमध्ये माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ रिझवानही होता. रिझवान घरी परतला. अब्दुल-मुईन परतला नाही. रिझवानने बोट दाखवले, असे गाव बारा वर्षे म्हणत आहे. यमान बंडखोरांत गेला तो याचा हिशेब चुकवण्याची शपथ घेऊन.

आम्ही परतलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी तंबूच्या कापडाखाली बसून मसूर-भाताचा मुजद्दरा खात होतो, तेव्हा रिझवान आला. पाठीवर आमच्या घराचे दार. सैन्य घरे ओरबाडत होते तेव्हा ते त्याने कडब्याखाली दडवून ठेवले होते, म्हणाला. ओझ्याने वाकला होता.

यमान ताटावरून उठला. "दार आणलंस. बापाला कुठे ठेवलंस?"

रिझवानने दार भिंतीला टेकवले. माझ्याकडे पाहून म्हणाला, "वहिनी, मला मारत होते. विचारत होते, यातला अब्दुल-मुईन कोण. मी बोट दाखवलं नाही, कुराणाची शप्पथ. मी फक्त त्याच्याकडे बघितलं."

यमानने बंदूक आणली. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले.

"सरक, आई."

"नाही सरकत."

"ह्यानं कबूल केलं, तू ऐकलंस!"

"ऐकलं. आता मला पुढचंही ऐकायचंय. तुझ्या बापाला शेवटचं बघणारा माणूस हा आहे. ह्याला मारलंस तर तुझा बाप त्या बसमध्येच संपला. मला तो पूर्ण पाहिजे."

यमानची बंदूक खाली गेली नाही, पण वरही राहिली नाही. मी रिझवानला बसायला सांगितले. तो जमिनीवर बसला आणि सगळे बोलला. त्या दिवशी अब्दुल-मुईनने कोणता सदरा घातला होता, कोणी त्याचे हात बांधले, गाडी कोणत्या बाजूला गेली. शेवटी म्हणाला, "गाडीत चढवताना त्यानं वळून मला सांगितलं, वस्फियाला सांग, जेवायला थांबू नकोस."

त्या रात्री मी थांबले होते. नंतरही कितीतरी वर्षे दोन ताटे मांडत होते. बारा वर्षे हा निरोप या माणसाच्या घशात होता आणि त्यातली सात वर्षे माझे घर त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते! मी त्याला बोलले ते इथे लिहीत नाही. नमाज पढणाऱ्या बाईला शोभणारे ते नव्हते. पण दार मी ठेवून घेतले. ते माझेच आहे, तो त्याचा उपकार नव्हे.

म्हणून लिहून ठेवते. रिझवानला मी माफ केलेले नाही. माफी द्यायची की नाही हे अब्दुल-मुईनच्या हातात आहे आणि तो इथे नाही. पण रिझवानचा न्याय माझ्या मुलाच्या बंदुकीने होऊ नये. या देशात न्यायालये उभी राहतील तेव्हा रिझवानने मला सांगितलेले सगळे मी स्वतः जाऊन सांगेन, आणि मी नसेन तर हा कागद तिथे वाचावा. नाक्यावरच्या ज्या माणसांची नावे रिझवानला आठवतात ती त्याने शेखसाहेबांपुढे सांगितली आहेत. मुख्य आरोपी ते आहेत, आणि त्यांच्यापर्यंत जाण्याचा रस्ता जिवंत रिझवानवरून जातो.

न्यायालये कधी उभी राहतील, राहतील की नाही, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. किनाऱ्याकडून, दक्षिणेकडून सूडाच्या, मारामारीच्या बातम्या येतात, त्या मीही ऐकते. पण प्रत्येक घराने आपापला रिझवान मारला, तर न्यायालय बसवायला माणसे कुठून आणायची?

यमान, तुझा हक्काचा वाटा मी अडवू शकत नाही. कायदा मला तेवढा अधिकार देत नाही. त्यामुळे हे हुकूम म्हणून लिहीत नाही. आई म्हणून मागते आहे. रिझवानवर हात उचलू नकोस. तू मोठा झालास तो बंदुकीबरोबर, दुसरे काही हातात द्यायला आमच्याकडे नव्हते. आता आहे. बाहेर गोणपाटात रोपे आहेत.

हे सर्व मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाशिवाय लिहिले. 'धाकाशिवाय' हा शब्द सगळेच कागदावर लिहायचे. या खेपेला तो लिहिताना मी थांबले, दोनदा वाचला, आणि हसू आले.

ठिकाण: तल्ल अर-रुम्मान
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

वस्फिया बिन्त हम्दू अश-शम्मात

साक्षीदार:
शेख नईम अल-बय्यूश, गावच्या मशिदीचे इमाम
सुहैला अल-हाज्ज युसूफ
रीम जर्रूज, सलमियाची, सुरुंग काढणाऱ्या तुकडीत कामाला

वारसांची संमती:

मैसा: वाचले. उद्या मी आईच्या पुढे चालणार आहे, मागे नाही.

कुतैबा (फोनवर वाचून दाखवल्यावर सांगितले, मैसाने लिहिले): मान्य आहे. जूनचं तिकीट बघतोय. यायचं काढेन, परतीचं नंतर ठरवू.

यमान: वाचलं. पटलं नाही. पाळीन.