हौशाच्या रक्ताचा कागद

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ मार्च २०२५

ती. बनाकाकूस,
रुपालीचा पाया पडून नमस्कार. इकडं सगळं बरं आहे. ऊन आत्ताच डोकं तापवतंय. तू धाडलेली शेंगाचटणी पोचली.

काल अजिनाथदादाचा फोन आला होता. म्हणाला, "आईचीच नजर लागली हौशाला. लई कौतुक करायची की." तुला आता तात्याबाकाका गोठ्यात पाऊल टाकू देत नाहीत म्हणे. वासरू असताना ज्याला तू बाटलीनं दूध पाजलंस, त्याच्या मरणाचा बोल तुझ्यावर! आणि मी नुसतं "हं" म्हणून फोन ठेवला.

काकू, नजरबिजर काही नाही गं.

पहिल्या बैलगाडा शर्यतीनंतर दादानं हौशाचं रक्त आमच्या लॅबला आणलं होतं. जनावर ताकदीबाहेर पळालं की मांस आतून फाटतं, त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हौशाचा तो आकडा नेहमीच्या वीसपट होता. साखरही वाढलेली. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं, महिनाभर पळवू नका. दादाला तो कागद मी समजावायचा होता. मी म्हणाले, "सुईला भ्यालाय रे, भ्यालं की आकडे वाढतातच." अर्धं खरं होतं. भीतीनं साखर वाढते, मांस फाटत नाही. मला हे चांगलं ठाऊक होतं, पगार त्याचाच घेते की.

का बोलले? लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतंय. फायनलला गाडी माझ्या नावानं नोंदवलेली. वैरागच्या मैदानात माईकवर माझं नाव पुकारणार होते, तेवढ्यासाठी! आठ दिवसांनी पुकारलंही. मी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी हौशाला कोऱ्या चहासारखी लघवी झाली, तेव्हा तू रडत दृष्ट काढत होतीस आणि मोहऱ्या तुझ्या हातात मी देत होते. सगळं कळत असून! तिसऱ्या दिवशी तो गेला.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे दादाच वाचणार. म्हणूनच लिहिलं, फोनवर माझी जीभ पुन्हा फिरली असती.

दादा, मधेच थांबू नकोस. तात्याबाकाकांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाच. मग आईचे पाय धर. मी रविवारी येते, माझं काय करायचं ते ती ठरवेल.

काकू, तुझी म्हणवायला तोंड नसलेली,
रुपाली