येडशीची शनिवारची खोली

२ एप्रिल, बुध.
सुमन अजून माहेरीच, सास्तूरला. पोरगीही तिकडंच. फोनवर एकच धोशा : "दारू सोडणाऱ्यांची बैठक भरती म्हनं कुठंतरी. ती हुडका, जावा, मग आमी येतो." ईटसारख्या गावात विचारणार कोणाला? टपरीवर सहज म्हणून विषय काढला. टपरीवाला हसला, "पिणाऱ्यांची बैठक रोजच हाय की माळावर." संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

४, शुक्र.
भूमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला बाजूला घेऊन विचारलं. भूमची बंद पडली. धाराशिवला रविवारी असते. रविवारी लग्नं. बँडमध्ये क्लॅरोनेट माझी, मी नसलो तर मालक दुसरा बघणार. उरली येडशी, शनिवारी, स्टेशनाजवळ एक खोली.

५, शनि.
दोन एसट्या. पाटी नाही, काही नाही. आत एकच माणूस, रेल्वेतून रिटायर झालेले तात्या. बाकीचे?
"एक वारला. दोघं परत प्यायला लागले. बस तू."
सांगून टाकलं सगळं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघायच्या आधी लग्नघरून बँडवाल्यांना बाटली येते, रीतच आहे. घेतली तर घर जातं, नाही घेतली तर बोटं थरथरतात. तात्या मध्ये एक शब्द बोलले नाहीत. इतकं कोणी ऐकून घेतलंच नव्हतं. रडलो. लाज नाही वाटली.

१२, शनि.
आम्ही दोघंच. दारू सोडून तात्यांना सात वर्षं झाली, मला आठवडा. त्यांच्याकडं बघून वाटतं, जमेल. सु.ला फोनवर सांगितलं. "बघू" म्हणाली. तिचं 'बघू' म्हणजे पुष्कळ झालं.

२०, रवि.
काल तात्या आलेच नाहीत. घरात लग्न आहे म्हणाले होते.
आज येरमाळ्याजवळ लग्नाची सुपारी. बाटली आली. माझी वाटणी ढोलवाल्याला दिली. बोटं कशीबशी चालली. परण्या मारुतीपुढं आला, आणि नाचणाऱ्यांत तात्या. नवरदेव त्यांचा पुतण्या निघाला. फेटा सुटलेला, वास माझ्यापर्यंत. मला बघून हात जोडले. म्हणाले, "वाजव गड्या, थांबू नको."
थांबणार कसा? मालक बघत होता. मी वाजवत राहिलो, ते नाचत राहिले. आयुष्यात इतकं वाईट कधी वाजवलं नाही.

२६, शनि.
खोलीला कुलूप. विचारत विचारत तात्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायको, मावशी, दारातच, "तुमीच सांगा त्यांला. तुमचं ऐकतेत."
मी? मी तर त्यांचं ऐकायला आलेलो.
तात्या बाजेवर पडलेले. उठून बसले. "सात वर्सं, लेका." मग, "आज तू बोल."
म्हणालो, उद्या इथं जवळच, वाशीला लग्न आहे.
"नको जाऊ."
"मग खायचं काय?"
मावशींनी चहा दिला, तो पिऊन निघालो.
एसटीत सु.चा फोन. "झाली का बैठक?" खरं ते सांगितलं. पलीकडून नुसता पोरीचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "आता कुठं जाणार तुमी?" धाराशिवची आहे म्हटलं. कधी असते, ते तिनं विचारलं नाही. रविवारी असते, हे मीही सांगितलं नाही.
उद्या घेणार नाही, असं लिहायला म्हणून पेन उचललं होतं. बाकी सगळं लिहून झालं, तेवढं लिहवत नाही.