पट्टी शाबूत आहे

३ ऑक्टोबर, मंगळवार

स्वयंपाकघरातली काच गेली! कोणी दगड मारला नाही, वारा नव्हता. मी भांडी लावत होते. कट् — एवढाच आवाज. वळून पाहिलं तर खालच्या कोपऱ्यातून वर निघालेली तिरपी रेघ, केसाएवढी. चहा होईपर्यंत ती वरच्या लाकडाला टेकली.

नवरा म्हणाला, "जुनी झाली असेल गं." जुनी कसली? मे महिन्यात तर बसवली! तारीखच आहे कोपऱ्यात. काचवाले काका बसवलेल्या प्रत्येक काचेवर, काच कापायच्या हिरकणीनं, तांदळाएवढ्या आकड्यांत तारीख कोरून ठेवतात.

५ ऑक्टोबर, गुरुवार

काका येऊन गेले. चूक माझीच निघाली.

मे महिन्यात खिडकी वाऱ्यानं खडखडायची, सासूबाईंची झोप मोडायची. मीच मागे लागले होते — गच्च बसवा हो! ते सांगत होते, "ताई, काचेला चारी बाजूंनी पोस्टकार्ड जाईल एवढी फट लागते. लाकूड काही आपल्या सोयीनं फुगत नाही." मी ऐकलं नाही.

आज त्यांनी काच धरून ठेवणारी वाळलेली लांबी पटाशीनं खरवडली, तुकडे काढले, फट ठेवून नवी काच बसवली, कडेनं ताजी लांबी अंगठ्यानं दाबत नेली. खडूची पूड आणि जवसाचं तेल — घरभर तो वास. 'मी म्हटलं नव्हतं?' असं एकदाही म्हणाले नाहीत. एवढंच — "आता खडखडली तर खडखडू द्या. बोलणारी काच बरी."

जाताना तारीख कोरली आणि मला म्हणाले, "नख फिरवा. हल्ली माझं नाव सांगून कोणीही काच बसवून जातं. डोळे फसतात. नख अडकलं तर तारीख माझी."

अडकलं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सासूबाईंच्या खोलीतली काचही गेली. तशीच. कोपऱ्यातून.

हिला तर फट होती. गच्च बसवायला मी सांगितलं नव्हतं. मग?

३० ऑक्टोबर, सोमवार

बैठकीच्या खोलीतली. तिसरी.

खालची शेजारीण म्हणाली, "वहिनी, तुम्ही गाता का हो अंघोळीला?" हसलो दोघी. मग ती हळूच म्हणाली, "आमच्या न्हाणीघराचं दार आता लागत नाही. नवऱ्यानं दोनदा रंधा मारला."

२ नोव्हेंबर, गुरुवार

काका आज हत्यारांची पिशवी न उघडताच उभे राहिले. फुटलेल्या काचेकडे बराच वेळ पाहत. मग म्हणाले, "मार बसला की काच चांदणीसारखी फुटते. मधोमध खूण राहते. हिला मार नाही बसला, ताई. हिला दाबलंय."

सुतळी काढली. चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत धरली, गाठ मारली. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर तीच सुतळी. गाठ कोपऱ्यापर्यंत पोचलीच नाही — बोटभर अलीकडे राहिली! तीनही खिडक्यांना तसंच. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीचा खड्डा खणतायत, त्या बाजूला.

"चौकटी मी बसवल्या तेव्हा काटकोनात होत्या," काका म्हणाले. "त्या स्वतःहून वाकत नाहीत."

सासूबाईंच्या खोलीतलं कपाट सरकवलं. मागे भिंतीला चीर. माझं बोट नाही, पण काडेपेटीतली काडी सहज गेली.

काकांनी काचेच्या दोन अरुंद पट्ट्या कापल्या. एक चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांत बसवली. तारीख कोरली. दुसरी पट्टी आणि उरलेली प्लास्टरची पुडी कपाटावर ठेवली, "असू द्या" म्हणाले. मग सांगितलं, "भिंत थांबली असेल तर पट्टी शाबूत राहील. सरकली तर पट्टी आधी मोडेल. मोडली की त्याच दिवशी सगळ्यांनी बाहेर पडायचं. इंजिनिअरची वाट बघायची नाही. आणि हिला हात लावू नका, पुसू नका. नुसतं बघा."

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांनी म्हणजे मीपण का?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

४ नोव्हेंबर, शनिवार

गच्चीवर सोसायटीची बैठक. अध्यक्ष भडकले — "काचवाल्याच्या सांगण्यावरून इमारत रिकामी करायची? उद्या दूधवाला म्हणेल, पाया कच्चा आहे!" सगळे हसले. मीही हसले, उगाच.

ठरलं ते असं: नगरपालिकेचा इंजिनिअर पंचवीस तारखेला येतोय. तोवर पट्टीवर नजर ठेवायची. "पट्टीचं खातं वहिनींकडे," अध्यक्ष म्हणाले. मी रोज सकाळी बघून अकरा घरांना कळवायचं.

नवरा खाली उतरताना कठड्याला हात लावत लावत आला.

७ नोव्हेंबर

शाबूत.

८ नोव्हेंबर

शाबूत. हल्ली जिन्यात कोणी 'कशा आहात?' विचारत नाही. "काय म्हणतेय पट्टी?" मी "शाबूत" म्हटलं की चेहरे सैल होतात. अध्यक्षसुद्धा सकाळी दार किलकिलं करून वाट बघतात!

१२ नोव्हेंबर, रविवार

काही दिवस माझ्या बहिणीकडे जाऊ या, असं आज नवऱ्याला म्हटलं. तिची जागा तळमजल्यावर आहे, आईंना सोपं जाईल.

"आणि खाली नेताना काही झालं म्हणजे?"

गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात त्या बारा दिवस एक अक्षर बोलल्या नव्हत्या. जेवण तोंडात धरून ठेवायच्या. घरी आणलं — तीन मजले खुर्चीवर बसवून, पुढे हा, मागे समोरच्या घरातला शेजारी — तेव्हा उंबऱ्यात पहिला शब्द बोलल्या, "आले." त्या दिवशी यानं त्यांना शब्द दिला होता, आता तुला कुठे नेणार नाही. मी तिथेच होते. मलाही रडू आलं होतं.

आज तो त्यांच्या औषधांच्या बाटल्यांवर वेळा लिहीत बसला होता. तपकिरी काचेवर पांढऱ्या शाईच्या पेनानं, बारीक, सुबक. सकाळ. दुपार. किती जीव लावून लिहितो! मला पुढे बोलवेना.

शाबूत.

१५ नोव्हेंबर, बुधवार

खड्ड्यात आज मोठं यंत्र आलं. दिवसभर कपाटातले काचेचे पेले एकमेकांशी बोलत होते. बोलणारी काच बरी म्हणे! मी मध्ये फडकी घातली.

पट्टी सहा वेळा पाहिली. शाबूत.

१९ नोव्हेंबर, रविवार

भाजी घेऊन आले तर नवरा सासूबाईंच्या खोलीत केर काढत होता! वीस वर्षांत केरसुणी कुठे असते हे त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "पावडरीचा डबा सांडला आईचा." चेष्टा करणार होते, पण त्याचा चेहरा बघून राहिले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. झोप लागली असावी.

शाबूत.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

नवऱ्यानं आपली गादी सासूबाईंच्या खोलीत, त्या भिंतीलगत नेली. "आईला एकटं वाटतं." मी म्हटलं, मग मीही तिथे येते. एकदम ओरडला — "तू नाही!" असा कधी ओरडत नाही माझ्यावर. मग स्वतःच चहा करून आणला. साखर घालायला विसरला.

त्यांच्या खोलीची खिडकी आता लागत नाही. पण पट्टी शाबूत आहे. मग खिडकी का लागत नाही?

२२ नोव्हेंबर

शाबूत. खालच्या शेजारणीची मुलगी बाळंतपणाला आली. "पट्टी ठीक आहे म्हणून आणलं हो, वहिनी. तुमच्या भरवशावर."

२३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी साडेदहा

लवकर लिहिते. नंतर जमणार नाही.

सासूबाईंच्या खोलीत खिडकीच्या फटीतून खड्ड्याची धूळ येते. खिडकीच्या काचेवर थर. प्लास्टरच्या गोळ्यांवर थर हवा — ते स्वच्छ पांढरे. पट्टीही स्वच्छ. तीन आठवडे कोणी पुसलेली नसताना.

हात लावू नका म्हणाले होते. लावला. तारखेवर नख फिरवलं.

अडकलं नाही.

पुन्हा फिरवलं. तारीख नखाला आली. पांढरी शाई. सुबक.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "रविवारी मोडली. तू भाजीला गेली होतीस. मीच म्हटलं त्याला, मला नेऊ नकोस. मग त्यानं कपाटावरची दुसरी लावली. लावताना रडत होता गं."

रविवारपासून रोज सकाळी मी अकरा घरांना शाबूत सांगितलंय. आजही. आठ वाजता.

नवरा कामावर आहे. फोन करून एवढंच म्हटलं, नख अडकलं नाही. पलीकडे किल्ल्यांचा आवाज. मग — "आईला शाल दे. निघालो मी."

त्यांच्या पायात चपला चढवल्या. नाही म्हणाल्या नाहीत. खुर्ची दारात आणून ठेवलीय.

आधी समोरची बेल. खुर्चीला आणखी दोन हात लागतील.