मुठीत काय आहे

ता. २ फेब्रुवारी

चि. ठिपक्यास,

दादाचे आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ भांडण. आशीर्वाद ठेवून घे, भांडणाचं उत्तर उलट टपाली पाठव.

घरी सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा खोकला गेला, माझी पाठदुखी आहे तिथेच आहे. काल प्रकाशकांनी बोलावलं. माझ्या खलाशाची तिसरी आवृत्ती काढायची म्हणून मी खुशीत गेलो. त्यांनी वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. वाटलं, वादळाच्या प्रकरणाचं कौतुक असेल. वादळाचा एकाही पत्रात उल्लेख नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच: देवीच्या मुठीत काय आहे?

मी म्हणालो, माझ्या पुस्तकात देवीबिवी नाही. प्रकाशक हसले आणि त्यांनी भिंग पुढे केलं. तुझ्या चौदा चित्रांपैकी अकरा चित्रांत ती सापडली. कुठे बंदरावरच्या गर्दीत, कुठे शिडाच्या सावलीत, कुठे पाण्यातल्या प्रतिबिंबात. दरवेळी उजवी मूठ घट्ट आवळलेली. सहा वर्षं बाई माझ्या पुस्तकात राहतात आणि घरमालकाला पत्ता नाही.

मी हे पुस्तक कशासाठी लिहिलं, हे तुला ठाऊक आहे. जुन्या प्रवासकथांत नायक बुडायला लागला की ढगातून हात येतो, वारा फिरतो, आणि लेखक सुटकेचा निःश्वास टाकतो. मला असा नायक हवा होता, ज्याला कुणी वरून उचलत नाही. सात प्रवास, सातही स्वतःच्या बळावर. आणि तू, माझ्याच घरातला माणूस, माझ्या पाठीमागे देवी आणून बसवलीस. परक्यानं केलं असतं तर वकील गाठला असता.

प्रकाशक म्हणतात, सातव्या प्रकरणात नदीच्या प्रसंगी देवीची दोन पानं घाला. मी नाही म्हणालो. महिनाअखेर सगळं छापखान्यात जायचं आहे. त्याआधी अकराही चित्रांतून ती बाई काढून टाक.

लोभ आहे, पण सध्या रुसून बसला आहे.

दादा

---

ता. ७ फेब्रुवारी

ती. दादास,

धाकट्याचा सा. न. वि. वि. विनंती एकच, हे पत्र मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

मी देवी काढलेली नाही. देवी वाचकांनी केली. मी अक्का काढली.

तुझं सातवं प्रकरण चित्रासाठी आलं तेव्हा मी ते वाचता वाचता उठून उभा राहिलो. नदी तीच, नाव तीच, आपल्या तीन ट्रंकासुद्धा त्याच. वडील गेल्यावर आपण काकांकडे निघालो होतो तो दिवस. मी सात वर्षांचा होतो, पण नावेतून मला सगळं दिसत होतं. काठ आला, अक्का आधी उतरली. नावाडी दोर घेऊन उतरला, आणि खुंटाला वेढा देण्याआधीच प्रवाहानं नाव ओढली. दोर त्याच्या हातून सुटला. अक्कानं तो धरला, उजव्या हाताला दोन वेढे दिले आणि खुंटाला पाय लावून मागे रेलली. माणसं धावत येईपर्यंत तशीच. त्यानंतर तिची ती मूठ कधी उघडली नाही.

तुझ्या पुस्तकात तो दोर खलाशाच्या हातात आहे आणि काठावर कुणीच नाही. मला काठ रिकामा सोडवेना. एकदा ती चित्रात आली, मग येतच राहिली. वाटलं, तू पाहशील, चिडशील, मला विचारशील. सहा वर्षांत तू माझी चित्रं नीट पाहिलीच नाहीस, हे तुझ्याच पत्रातून कळलं.

अर्पणाच्या पानावर तू छापलंस, 'अक्काच्या आशीर्वादाने'. दादा, आशीर्वाद द्यायला हात उघडावा लागतो.

तिला काढून टाकणार नाही. रागावलास तरी पत्र पाठवणं थांबवू नकोस.

ठिपक्या

---

ता. ११ फेब्रुवारी

चि. ठिपक्यास आशीर्वाद.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोन दिवस तुझ्या वहिनीशीही धड बोललो नाही, त्यामुळे घरात शांतता होती असं ती म्हणते.

तू चित्रकार आहेस, तुला कोपऱ्यात माणूस काढून मोकळं होता येतं. मला गोष्ट पुढे न्यायची असते. काठावर बहीण उभी केली, तर खलाशी काय करतो? नावेत पालथा पडून राहतो. अशा माणसाचे सात प्रवास कोण वाचेल?

मात्र प्रकाशकांशी पुन्हा बोललो आणि एक गोष्ट लक्षात आली. बहिणीनं वाचवलं तर नायकाला कमीपणा येतो. देवीनं वाचवलं तर येत नाही, उलट नायक मोठा होतो. तेव्हा मी ती दोन पानं लिहितो. वाचक खूश, प्रकाशक खूश, तुझी चित्रं जशीच्या तशी राहतील, आणि अक्काची देवी झाली. आणखी किती मान द्यायचा माणसाला?

तिला एवढ्यात कळवू नकोस. पुस्तक निघाल्यावर मीच सांगेन.

आता तरी लोभाला घरात घे, दारात उभा आहे.

दादा

---

ता. १६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी प्रकाशकांचंही आलं. मुखपृष्ठ रंगीत हवं, देवी मोठी हवी, ढगांवर. इतकं मोठं काम मला आजवर कुणी दिलेलं नाही. भांडायचं ठरवून बसलो होतो आणि रंग कालवायला लागलो. खोटं कशाला बोलू?

चेहरा अक्काचाच ठेवला आहे, थोडा तरुण आणि उजळ. तू नको म्हणालास, तरी कच्चं चित्र मी तिला पाठवून दिलं. इतकं सुंदर झालंय की राहवलं नाही. तिला आनंद होईल.

आहे तो लोभ असाच राहू दे.

ठिपक्या

---

ता. २३ फेब्रुवारी

चि. दादास आणि चि. ठिपक्यास आशीर्वाद.

एकच पत्र दोघांना लिहिते आहे. दादानं वाचून ठिपक्याकडे पाठवावं. डाव्या हातानं दोनदा लिहायचं म्हणजे रविवार जातो.

मी बरी आहे. रुग्णालयाच्या धुलाईखात्यात नवं यंत्र आलं, ते चादरी पिळतं कमी आणि ओरडतं जास्त. माझं काम तेच, चादरींवर वॉर्डाचे आकडे घालायचं. ठिपक्या, तुझं चित्र मी कामावर उघडलं ही चूक झाली. आमची इस्त्रीवाली डोकावली आणि म्हणाली, ही तर त्या खलाशाच्या पुस्तकातली देवी, माझ्याकडे आहे ते. मग तिनं चित्राकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि हातातली इस्त्री बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मला विचारतात, देवी, चार नंबरच्या चादरी झाल्या का?

पुस्तक तिच्याकडून मागून घेतलं. दादा, तू मला फक्त अर्पणाचं पान दाखवलं होतंस आणि एकच प्रत आहे म्हणून परत नेलं होतंस. त्यावर मी सहा वर्षं खूश होते. आता सगळं वाचलं. वादळ फार चांगलं लिहिलं आहेस, रागावले असले तरी सांगते. सातव्या प्रकरणात नदी आली, आपल्या ट्रंका आल्या, तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, आता मी येईन. पानं उलटत माझी वाट पाहत बसले. नाव काठाला लागली, प्रकरण संपलं. मी आले नाही.

नकाशा कचेरीतली माझी नेमणूक त्यातल्याच एका ट्रंकेत होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. ट्रंक कोरडी राहिली, हात गेला. यावरून मी तुम्हा दोघांना कधी टोचून बोलले नाही, कारण मला वाटे, तुम्हाला ते माहीतच आहे. आता ठिपक्याच्या पत्रासोबत तुझंही पत्र वाचल्यासारखं झालं आहे, कारण चित्राबरोबर त्यानं तुझा बेतही कळवला. बहीण असली तर कमीपणा, देवी असली तर नाही.

देवी वरून येते. मी गुडघाभर चिखलात उभी होते. देवीला दुखत नाही. देवीची कुठे नेमणूक झालेली नसते. तिला विचारावं लागत नाही, म्हणून ती तुम्हाला सोयीची. आणि ठिपक्या, तू सात वर्षांचा असून तुला दिसलं, म्हणून तुझं अधिक लागलं. भिंतीवर ठिपके जोडून घोडा काढायला तुला याच हातानं शिकवलं होतं.

माझं मागणं सोपं आहे. दादा, दोर माझ्या हातात दे. दोन पानं नकोत, चार ओळी पुरेत. तू डोळे मिटून नावेत पालथा होतास हेही लिही, त्यानं तुझा खलाशी मरणार नाही. लोक घाबरलेल्या माणसाला जास्त जीव लावतात. आणि ते जमत नसेल, तर ठिपक्यानं मला अकराही चित्रांतून खरवडून काढावं. पण ढगावर बसवू नका. मुठीत काय आहे विचारणाऱ्यांना सांगा, काही नाही, ती उघडत नाही इतकंच.

उत्तर लौकर द्या. लोभ मी कधी मागितला नाही, यावेळी मागते.

अक्का

---

ता. २० एप्रिल

ती. अक्कास सा. न.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच रात्री लिहायला बसणार होतो, सकाळी बसलो. तीन दिवस बसलो. 'मी डोळे मिटले होते' एवढं एक वाक्य झालं. त्याच्यापुढे लेखणी सरकेना. चौथ्या दिवशी छापखान्याचा निरोप आला आणि तयार होती ती दोन पानं मी दिली. ठिपक्याचं मुखपृष्ठ तर आधीच गेलं होतं. तो तुला लिहायला धजत नाही, मला म्हणतो, तूच लिही.

सोबत प्रत आहे. ही तुझी, परत नेणार नाही. एक बदल तुला दिसेल. प्रकाशकांच्या मते वाचकांना इतकी वर्षं ताटकळत ठेवल्यावर उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून मुखपृष्ठावर देवीची मूठ उघडली आहे आणि तळहातातून प्रकाश येतो आहे. चित्र देखणं झालंय. पहिल्या आठवड्यातच दुकानांतून पुन्हा मागणी आली.

पुढच्या पुस्तकात तुझं नक्की लिहीन. तू समजून घेशील, नेहमीच घेतेस. त्याच भरवशावर,

दादा

---

ता. २९ एप्रिल

चि. दादास आशीर्वाद.

प्रत पोचली. यंत्र पुन्हा बिघडलं आहे, सध्या हातानं पिळतो. बाकी ठीक.

उघडा हात पुष्कळ वेळ पाहिला. बोटं सरळ आहेत, नखंसुद्धा नीट काढली आहेत. ठिपक्याला माझी बोटं सरळ असतानाची आठवतात, हे पाहून रडू आलं. एवढंच त्याला सांग.

समजून घेते म्हणालास. नाही घेतलं, दादा. पुढच्या पुस्तकाची वाट मी पाहणार नाही. पत्रं येऊ देत, खुशाली कळवत जा, त्याला माझी ना नाही. पण भेटायला एवढ्यात येऊ नकोस.

पुस्तक परत पाठवते आहे. अर्पणाचं पान कापून घेतलं, ते माझ्या नावाचं होतं. मुखपृष्ठ मात्र पाहून घे. देवीच्या हातातला प्रकाश मी आमच्या खुणेच्या शाईनं झाकला आणि तिथे दोर काढला. हातापासून खाली, ढगातून, पाण्यावरून, पार नावेपर्यंत. नावेत एक जण पालथा काढला आहे आणि एक लहान, उठून बघणारा. ही शाई चादरींची आहे, कितीही धुतली तरी जात नाही.

दोराचा पीळ नीट आलाय का, ते ठिपक्याला विचार. डाव्या हातानं काढलाय.

अक्का