हिरवी खूण

तीर्थरूप बाबा,
झाशीहून कश्मिराचा नमस्कार. मी बरी आहे. सिव्हिल लाइन्समधली खोली हवेशीर आहे. आईचा गुडघा कसा आहे?

इथून जवळच्या चिरगावच्या आमच्या शाळेने यंदा मोठ्या मुलींना घरच्या फोनवर एआय दिलं आहे. ते गणितं घालतं, तपासतं आणि मला कळवतं. आठवीतली विनीता महिनाभर वर्गात आली नाही. पण तिच्या नावापुढे रोज गणितं सोडवल्याची हिरवी खूण दिसायची, म्हणून मला वाटलं, गव्हाच्या कापणीला जात असेल. तुम्ही मास्तर असताना तिसऱ्या दिवशीच मुलाच्या घरी जायचात. मी काल गेले.

तिची आई म्हणाली, "बहनजी, उसका तो ब्याह कर दिया. फोन अब छोटी चलाती है."

धाकटी पाचवीत आहे. आठवीची गणितं तीच सोडवत होती. मला विचारते, "सब सही थे न, मैडम?"

विनीता तेरा वर्षांची आहे. कळवायचं तिथे मी कळवलं आहे. मुख्याध्यापक म्हणतात, यादीतून तिचं नाव काढा. काढलं, तर तिच्या नावावर चाललेला धाकटीचा अभ्यासही बंद होईल. अजून काढलेलं नाही.

मी वेळेवर जेवते. आईला एवढंच सांगा.

तुमची,
कश्मिरा