दाराची कड

प्रिय धाकट्या,

फोनवर बोलायचं म्हटलं की तुझा दादा शेजारी येऊन बसतो आणि सगळं ठीक चाललंय असं मलाच बोलायला लावतो, म्हणून आज कागद घेतला. जुनी व्हॅन आणायला गेलो आणि वाऱ्यानं दार लागून बोटं सापडली, एवढंच तुला कळलंय. ते त्यानंच सांगितलंय, तेव्हा निम्मं खोटं आहे. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं अर्ध्यावर काढावी लागली. तिसरं शाबूत आहे, पण वळत नाही. ब्रश धरता येईल का, असं मी डॉक्टरांना सरळच विचारलं. ते चमचा धरता येईल म्हणाले.

गाडीची हौस माझी. या वयात त्यानं खांद्यावर शिडी आणि हातात रंगाचे डबे घेऊन पाट्या रंगवत हिंडावं, हे मला बघवत नव्हतं. बेकरी बंद केलेला एक म्हातारा व्हॅन विकत होता. त्याची गल्ली चांगलीच उताराची, गाडी दारातच तोंड खाली करून उभी होती, वरून पांढरीफटक रंगवलेली. तुझा दादा काय इंजिन बघणार होता थोडाच! त्यानं आधी रंगावरून हात फिरवला. बाजूच्या सरकत्या दारावर पांढऱ्याचा पोपडा सुटला होता आणि खालून लाल शेपटी डोकावत होती. कोंबड्याला मोराची शेपटी देणारा पेंटर आपल्या घरात एकच झाला, तू. मीसुद्धा ओळखलं, मग त्याचं काय सांगावं.

बाबांच्या गाड्या रंगवायच्या कारखान्यातली शिस्त तुला आठवत असेलच. दारावर चित्र काढलं की ते दाराच्या आतल्या कडेवरही वळवायचं, दार उघडल्यावर कोरा पत्रा दिसता कामा नये. बाबा आधी दार उघडून कड बघायचे आणि मग चित्राकडे वळायचे. तू, मेल्या, कडेचा कायम कंटाळा करायचास आणि बाबा यायच्या आत दादा गुपचूप तुझ्या कडा रंगवून ठेवायचा. मी तेव्हा नवी होते. चहा द्यायला यायचे, तुमची ही चोरी बघायचे आणि तोंड मिटून परत जायचे. हा कोंबडा मात्र तू घर सोडून वेगळा झाल्यावर, एकट्यानं काढलेला. म्हणून त्यानं दार मागे सारलं, कडेवर बोटं ठेवली आणि नखानं पांढरा रंग खरवडू लागला. नेमकं तेव्हाच म्हाताऱ्याला ब्रेक किती चांगले आहेत ते दाखवायची लहर आली. गाडी त्यानं हातभर उतारावर सोडली आणि करकचून ब्रेक दाबला. दार सुटलं ते धाडकन पुढं आलं.

दवाखान्यात जाताना माझ्या पदराचा बोळा रक्तानं भिजलेला, आणि हा मला सांगतोय की धाकट्यानं कड रंगवली होती गं, अगदी खालपर्यंत. तेव्हा मला तुम्हा दोघांचाही असा राग आला! तो अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

गाडी आपल्याच दारात आहे. म्हातारा परत न्यायला आला होता, पण ओट्यावर बसून रडायलाच लागला. दादानंच उलट त्याची समजूत घातली. मी शर्टाची बटणं लावून देते तेव्हा फार विनोद करतो, ते ऐकवत नाहीत. परवा जुन्या वर्तमानपत्रांवर डाव्या हातानं रेघा ओढत बसला होता. एकही सरळ आली नाही. मी आले तशी त्यानं सगळे कागद चुरगळून चुलीत टाकले.

हे कडेचं तुला कळू द्यायचं नाही असं त्यानं बजावलंय, तू जिवाला लावून घेशील म्हणून. तरी सांगतेय, कारण गेल्या आठवड्यात शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. लहान मुलांच्या वर्गांबाहेरची लांबलचक भिंत त्यांना रंगवून हवी आहे, प्राणी, झाडं, सगळं. तो नाही म्हणेल म्हणून मी आत जीव मुठीत धरून उभी होते. त्यानं हात पंचाखाली झाकून घेतला आणि धाकटा येतोय, नेहमीसारखं दोघं मिळून करू, असं सांगून टाकलं. तुला विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून गल्लीत कुठलीही गाडी थांबली की तो उठून खिडकीशी जातो. तो तुला बोलावणार नाही, मी बोलावतेय. तुझ्या छापखान्यातून सुटका होत नसेल किंवा यायला मन धजत नसेल, तर तसं मला कळव, त्याला नको. बाईंना मी खरं काय ते सांगेन. त्याला काय सांगायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

तुझीच,
वहिनी