कामावरून आलेल्या माणसाचा वारा

बाबा, घरात एसी बसवलाय. तुम्ही असता तर आधी खिडकीतून वाकून बाहेरचं मशीन नीट बघितलं असतंत, आणि मग विचारलं असतंत, हे कोणासाठी? त्या प्रश्नाचं उत्तर मी मनातल्या मनात आईसाठी, असं देत होते. आता मलाच खात्री राहिलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

मागच्या उन्हाळ्यात आई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की या वयात बदलापूरची दुपार पंख्याखाली काढणं त्यांना झेपायचं नाही, गारव्यात ठेवा, पुन्हा अशा पडल्या तर उठतीलच असं नाही. त्यानंतर मी ऑफिसात बसले तरी डोक्यात बदलापुरातलं हे बेलवलीचं घरच असायचं. तुम्ही रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेला हा फ्लॅट थेट पश्चिमेला तोंड करून आहे, आणि दुपारनंतर भिंतींना हात लावला तर चटका बसतो. मी उल्हासनगरला जाऊन हप्त्यावर एसी घेतला. दुकानाचे शेठ म्हणाले, "बेटी, फिटिंग एकदम फ्री." मी खूश. मग दोघं जण फिटिंगला आले आणि सांगू लागले, ताई, फिटिंग फ्री आहे, पण स्टँडचे वेगळे, तांब्याचा पाइप फुटावर लागेल, भिंतीला भोक पाडायचे वेगळे, स्टॅबिलायझर तर पाहिजेच, आणि ही जुनी वायर लोड घेणार नाही, मीटरपासून नवीन ओढावी लागेल. आई स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मग फ्री काय आहे?" त्यातला एक हसला. "आमचं येणं फ्री आहे, काकी."

जाताना त्यानं विचारलं, "काकी, हवा कुठल्या साइडला सोडू?" आईनं खिडकीकडची बाजू दाखवली. ती झोपते दाराकडे. मला वाटलं गुडघ्यांवर गार वारा नको असेल, आणि मी तो विषय तिथेच सोडला.

पहिल्या महिन्याचं लाइटचं बिल बघून माझे डोळे पांढरे झाले. आई म्हणे, "दुपारी तासभर लावते गं, जास्त नाही." म्हणजे मशीनमध्येच काहीतरी गडबड. शहाडहून एक मेकॅनिक आला, म्हणाला गॅस कमी आहे, त्यामुळे मशीन जास्त लाइट ओढतंय. गॅस भरला. पुढचं बिल आणखी वाढलं. दुसरा आला, म्हणाला, "किसने बोला गॅस कमी? गॅस फुल आहे, तुमचा कपॅसिटर गेलाय." तोही बदलला. बिल जागचं हललं नाही. दरवेळी मी नव्या माणसाला आधीच्याचं निदान सांगायचे आणि तो आधीच्याला हसायचा. शेवटी कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं सगळं उघडून, मोजून पाहिलं आणि मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "मॅडम, मशीन एकदम ओके आहे. पण हे तासभर चालणारं मशीन नाही. दिवसभर चालतंय." मला राग आला. माझ्या आईला खोटं पाडायला हा कोण? पण राग उतरल्यावर वाटलं, चालत असेल तर चांगलंच आहे की. बिचारी गारव्यात बसते आणि पैशांच्या भीतीनं मला सांगत नाही. बिल गेलं खड्ड्यात, असं म्हणून मी निवांत झाले.

मागच्या आठवड्यात डोकं दुखत होतं म्हणून मी दुपारीच घरी आले. किल्लीनं दार उघडून आत येते तर आई हॉलमध्ये खुर्चीवर बसून मेथी निवडतेय. ब्लाउज पाठीला चिकटलेला, कपाळावरून घाम ओघळतोय, चेहरा लालबुंद. आतल्या खोलीचं दार बंद. दारामागे एसी चालू आहे, आवाज येतोय. मी दार उघडलं तर अंगावर काटा आला इतकी खोली गार. आत कोणी नाही. पलंगावरची चादर ताणून घातलेली, आणि हवेचा सगळा झोत खिडकीकडच्या बाजूवर. तुमच्या बाजूवर.

बाबा, मला काही म्हणजे काही कळेना. हीच बाई, जी दर रविवारी विहारात वंदना घेते. तुम्ही गेलात तेव्हा शेजारच्या काकूंनी कावळ्यासाठी पान वाढा म्हटलं, तर हिनंच त्यांना हात जोडून नको म्हणून सांगितलं होतं. तुम्ही तर आधीच बजावून ठेवलं होतंत, मी गेल्यावर माझ्या नावानं ताट वाढायचं नाही, माणूस गेला की गेला. इतक्या वर्षांत तिनं एकदाही तुमच्यासाठी काही वेगळं काढून ठेवलं नाही. आणि आता हे.

"आई, कोणासाठी लावलायस?"

"कोणासाठी नाही. खोली गार होऊ दे म्हटलं."

"आणि तू इथे का शिजतेयस?"

तिनं मेथीची हातातली काडी मोडली. मग म्हणाली, "त्यांना फार उकडायचं गं. बोलायचे नाहीत."

मी तर उलटंच ऐकून मोठी झालेय. माझ्या दहावीला तुम्ही उल्हासनगरहून जुना लोखंडी कूलर टेम्पोत घालून आणलात आणि परीक्षा संपल्याबरोबर विकून टाकलात. मी फुगून बसले तर माझ्यावरच ओरडलात, "भट्टीसमोरून आलेल्या माणसाला घर थंडच लागतं. तुला काय धाड भरलीय?" मी ते खरं मानलं. आपली अंबरनाथची खोली आठवते. कारखान्यात भट्टीवरची पहिली पाळी करून तुम्ही येता, शर्टावर पाठभर मिठाचे पांढरे डाग. आधी मोरीत बसून पाठीवर तांब्या ओतता, मग टेबलफॅनसमोर जमिनीवर. मी पंख्याकडे सरकले की आई दंडाला धरून मागे ओढते, आणि स्वतः पार स्टोव्हच्या कोपऱ्यात जाऊन बसते. मी तिला त्याचीच आठवण करून दिली. ती म्हणाली, "मग? कामावरून आलेल्या माणसाचा वारा अडवायचा नसतो. पंखा एकच होता."

मी डॉक्टरांचं सांगितलं. बिलाचं सांगितलं. तू पुन्हा पडलीस तर मी काय करू, असं विचारलं. मी धम्माचंसुद्धा काढलं, म्हटलं तूच शिकवलंस ना आम्हाला की मागे काही राहत नाही. "राहत नाहीच," ती शांतपणे म्हणाली. "मला काय माहीत नाही?" आणि जागची हलली नाही. तिच्या ओठांवर घामाचे थेंब होते. मी घाबरले, बाबा. खरंच घाबरले. काय करावं सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं,

"आई, बाबा आत बोलावतायत तुला."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं. पण तिनं मेथीचं ताट खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं, तोच पदर नीट खांद्यावर घेतला आणि आत गेली. दाराकडच्या कडेवर, अगदी अंग चोरून बसली. थोड्या वेळानं आडवी झाली, आणि तिला झोप लागली.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन करून तिला तेच सांगते. ती बरं म्हणते आणि आत जाते. ती मला फसवतेय, की मी तिला, की दोघी मिळून तुम्हाला, हे मला कळत नाही. तुम्ही जिवंत होतात तेव्हा कधी कोणाला पंख्यासमोर बोलावलं नाहीत. तुम्ही बोलावलंत हे मी रचलेलं आहे, आणि तुम्ही कुठेही नाही यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. फक्त एक सांगते. त्या दिवशी ती झोपल्यावर मी तिच्या अंगावर चादर घालायला आत गेले, तेव्हा मला खिडकीकडच्या बाजूला बघायची हिंमत झाली नाही.